टोफू टिकवायचा की सोयाबीन?

लातूर आणि नांदेड हे सोयाबीनचे जिल्हे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मोंढ्यात सोयाबीनच्या राशी लागतात, पोत्यांच्या थप्प्या उभ्या राहतात. हा माल पुढे जातो तेलाच्या कारखान्यात. तेल निघाले की उरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. ज्या दाण्याच्या शंभर भागांत सुमारे चाळीस भाग प्रथिने असतात, तो दाणा पेरणारे, कापणारे आणि पाठीवर वाहणारे हात आपल्या वस्तीतले आहेत. परंतु त्या दाण्याची ताकद आपल्या ताटात फारशी येत नाही.

अलीकडे हे चित्र थोडे पालटते आहे. शहरांतल्या दुकानांत सोया पनीर, म्हणजेच टोफू, मिळू लागला आहे. काही भगिनी तो घरीही करतात. मात्र त्याबरोबर दोन तक्रारी कानावर येतात. ‘दुसऱ्याच दिवशी आंबला’ ही पहिली. दुसरी अधिक काळजीची, ‘थोडा बुळबुळीत झाला होता, पण टाकवला नाही, तिखट घालून परतून टाकला.’

हे ‘टाकवत नाही’ आम्ही समजू शकतो. १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढलेली माणसे अजून आपल्या घरांत आहेत. अन्न फेकताना त्यांचा हात थरथरतो. परंतु मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्याला शिळ्यापाक्या तुकड्यांवर जगणे सोडायला सांगितले, हेही आपण विसरू नये. नासलेले अन्न पोटात घालणे म्हणजे काटकसर नव्हे. दहा-वीस रुपये वाचतात आणि सलाईनच्या बाटलीला शेकडो जातात, असा तो आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

टोफू इतक्या लवकर का नासतो, ते मोंढ्यातल्या कोणाही हमालाला चटकन समजेल. तिथे माल घेताना आधी ओलावा मोजतात. सरकारी खरेदीत ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. २०२४ च्या हंगामात तेवढी १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली होती. ओल्या मालाला बुरशी धरते, तो तापतो, म्हणून ही अट. आता टोफूकडे पाहा. त्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असते, आणि प्रथिनेही भरपूर. पाणी, अन्न आणि मराठवाड्याचा उन्हाळा एकत्र आले की जंतूंना आणखी काय हवे? सुके सोयाबीन कोरड्या डब्यात पुढच्या हंगामापर्यंत राहते. टोफू तसा राहणार नाही. तेव्हा घरात साठा करायचा तो सोयाबीनचा. टोफू लागेल तेवढाच करावा किंवा आणावा.

घरी करताना

खाण्यासाठी घ्यायचे सोयाबीन स्वच्छ, न फुटलेले, बुरशी नसलेले असावे. पेरणीच्या पिशवीतले औषध चोळलेले, रंगीत दिसणारे बियाणे खाण्यात मुळीच घेऊ नये. ते धुऊनही खाण्यालायक होत नाही.

दाणे रात्रभर भिजवावेत, सकाळी चोळून साले काढावीत, पाणी घालून बारीक वाटावेत आणि फडक्यातून दूध गाळून घ्यावे. हे दूध पंधरा-वीस मिनिटे ढवळत नीट उकळावे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारे घटक असतात, ते या उष्णतेने बरेचसे निकामी होतात. मग गॅस बंद करून वाफ थोडी जिरल्यावर पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस हळूहळू घालावा. दूध फाटले की स्वच्छ फडक्यात बांधून वर वजन ठेवावे. एक किलो सोयाबीनचा साधारण दीड ते दोन किलो टोफू होतो. म्हणून चार माणसांच्या घराला एका वेळी पाव किलो दाणे पुरे. उरलेला चोथा टोफूपेक्षाही लवकर आंबतो. त्याची त्याच दिवशी थालीपिठे लावावीत.

ठेवताना

फ्रीज असेल तर टोफू झाकणाच्या डब्यात, बुडेल इतक्या स्वच्छ पिण्याच्या पाण्यात ठेवावा आणि ते पाणी रोज बदलावे. कापताना सुरी व हात धुतलेले असावेत. असा टोफू तीन-चार दिवस चालतो. विकतच्या बंद पाकिटाला छापील तारीख पाहावी, पण पाकीट फोडल्यावर ती तारीख संपली असे समजून हाच तीन-चार दिवसांचा नियम लावावा. सुट्टा टोफू दुकानदाराने गार ठेवलेला असेल तरच घ्यावा.

आम्ही पडलो आवक-जावक लिहिणारे कारकून. आमचा एक सल्ला आहे, डब्यावर तारखेची चिठ्ठी लावा. आधी आलेला माल आधी खर्ची पडावा, हा वखारीतला नियम स्वयंपाकघरातही चालतो.

वीज गेली तर फ्रीजचे दार उघडू नये. बंद दाराआड गारवा चारेक तास टिकतो. त्याहून अधिक वेळ वीज नसेल तर टोफूवर भरवसा ठेवू नये.

फ्रीज नसेल तर माठाच्या गारव्यावर विसंबू नये, तो जंतूंना रोखण्याइतका गार नसतो. अशा घरी सकाळी केलेला टोफू लगेच शिजवून त्याच जेवणात संपवावा. एरवी दोन तास आणि पारा ३२ अंशांपार गेला की एक तास, याहून जास्त वेळ तो बाहेर राहू नये. भीमजयंती आणि बुद्धपौर्णिमा दोन्ही ऐन उन्हाळ्यात येतात. त्या भोजनदानात टोफूची भाजी करायची असेल तर ती शेवटी करून गरमागरम वाढावी. सकाळची भाजी संध्याकाळच्या पंगतीला नको.

जास्त झाला तर तो नासण्याची वाट न पाहता पहिल्याच दिवशी पाणी निथळून, तुकडे करून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. कप्पा नीट गोठवणारा असेल तर दोन-तीन महिने राहतो. तो पिवळसर आणि स्पंजासारखा जाळीदार होतो, ते नासणे नव्हे. उलट रस्सा छान शोषून घेतो. एकदा वितळलेला मात्र पुन्हा गोठवू नये.

जपानमध्ये याच युक्तीचा पदार्थ झाला आहे. तिथल्या वाकायामा प्रांतातील कोया पर्वतावरच्या बौद्ध मठांच्या नावाने ‘कोया टोफू’ ओळखला जातो. थंडीत टोफू गोठवायचा, मग वितळवून पूर्ण वाळवायचा. पाणी गेले की टिकाऊपणा आला, हे आपल्या मोंढ्यातलेच गणित तिथल्या भिक्खूंनाही उमगले होते. याच पर्वतावरील कोयासान विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

ओळखताना

ताजा टोफू पांढरा किंवा दुधी रंगाचा असतो. त्याला सोयाबीनचा किंचित कच्चट वास येतो, त्याला घाबरू नये. पुढीलपैकी एकही खूण दिसली तर मात्र तो टाकून द्यावा.

आंबूस किंवा कुजकट वास, बोटाला लागणारा चिकट, बुळबुळीत थर, रोज पाणी बदलूनही ते गढूळ किंवा फेसाळ होणे, पिवळे, गुलाबी, हिरवे वा काळे डाग, फुगलेले पाकीट.

डाग पडलेला कोपरा कापून बाकीचा वापरू नये. टोफू मऊ आणि ओला असल्याने बुरशी आतपर्यंत पसरलेली असू शकते. चव घेऊन खात्री करण्याचाही मोह टाळावा. तळले-उकळले की दोष जातो, हा समज चुकीचा आहे. काही जंतू मरतात, पण त्यांनी आधीच सोडलेले विष उकळूनही जात नाही. शिवाय खुणा दिसत नाहीत म्हणून दिवस मोजायचे सोडू नयेत, कारण काही घातक जंतू वास किंवा रंग न बदलताही वाढतात.

खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले तर जीवनजल, म्हणजे ओआरएस, घोटाघोटाने पाजावे. लहान मूल, म्हातारे माणूस किंवा गरोदर बाई असेल तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

सोयाबीन आपल्या शेतशिवारातले आहे. यंदा विकताना पाच-दहा किलो निवडलेला, वाळवलेला दाणा घरासाठी बाजूला काढावा. आठवड्यातून एकदा पाव किलो भिजत घातला तरी मुलांच्या ताटात ताजी प्रथिने पडतील, आणि टाकावे की खावे हा प्रश्न फारसा उरणार नाही.