मांजराकाठचा पाणघोडा आणि परग्रहावरची मखलूक

दहावीच्या वर्गात आम्ही ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ शिकवत होतो. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “दूसरे सय्यारे पर मखलूक होगी तो क्या वो भी हमारे जैसीच दिखेगी?” वर्ग हसला. आम्हीही, “परीक्षेत येत नाही, खाली बस,” असे म्हणून पुढचा मुद्दा फळ्यावर लिहिला. ती बसली आणि त्या वर्षी तिने पुन्हा काही विचारले नाही. हा लेख तिला द्यायच्या राहून गेलेल्या उत्तराचा आहे.

उत्तराची सुरुवात आपल्या लातूर जिल्ह्यातूनच करता येते. मांजरा नदीच्या काठी हरवाडी येथे पाणघोड्याचे जीवाश्म सापडले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. विजय साठे यांनी त्यांचा अभ्यास केला. ज्या लातूरला पिण्याचे पाणी 2016 साली मिरजेहून रेल्वेने आणावे लागले, तिथे हजारो वर्षांपूर्वी पाणघोडे डुंबत होते!

या पाणघोड्याचे डोके नीट पाहा. डोळे, कान, नाकपुड्या सगळे वरच्या बाजूला. अंग पाण्यात बुडवून श्वास घेता यावा आणि काठावर लक्षही ठेवता यावे, अशी ही सोय आहे. आता मगर आठवा. मग विहिरीतला बेडूक आठवा. त्यांचेही डोळे आणि नाकपुड्या वरच. एक सस्तन, एक सरपटणारा, एक उभयचर. तिघांचे घराणे वेगळे, पण राहणी सारखी म्हणून चेहऱ्याची ठेवण सारखी झाली. शास्त्रज्ञ याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. शार्क हा मासा आणि डॉल्फिन हा सस्तन प्राणी, तरी दोघांचा आकार पाणी कापत जाणारा. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला आणि चीक निघणारा तीनधारी निवडुंग अगदी वेगळ्या कुळातला. पण दोघेही पाणी साठवणारे आणि काटेरी, म्हणून लोकांनी दोघांना एकच नाव दिले.

याच आधारावर केंब्रिजचे शास्त्रज्ञ सायमन कॉनवे मॉरिस म्हणतात की निसर्गातल्या अडचणी ठरावीक असतात, म्हणून त्यांवरचे तोडगेही पुन्हा पुन्हा तेच निघतात. दूरच्या ग्रहावर उजेड असेल तर डोळा असेल, समुद्र असेल तर माशासारखे अंग असेल. अमेरिकेचे स्टीफन जे गूल्ड यांचे मत उलट होते. जीवनाची कहाणी पहिल्यापासून पुन्हा घडली तर ती वेगळ्याच वाटेने जाईल, असे त्यांनी 1989 साली मांडले. त्यांच्या बाजूनेही पुरावा आहे. डोळा अनेकदा स्वतंत्रपणे घडला, पण माणसासारखी भाषा बोलणारा जीव पृथ्वीवर एकदाच झाला.

मग बुद्धिमान परग्रहवासी कसा असेल? ग्रह मोठा आणि गुरुत्वाकर्षण जास्त असेल तर पाय आखूड व जाड लागतील, अंग जमिनीलगत राहील. गुरुत्वाकर्षण कमी असेल तर सडपातळ, उंच शरीरही टिकेल. नुसती बुद्धी मात्र पुरत नाही. ऑक्टोपस हुशार आहे, त्याच्या शरीरात सुमारे 50 कोटी चेतापेशी असून त्यांतल्या बऱ्याचशा त्याच्या भुजांमध्ये आहेत. पण पाण्यात चूल पेटत नाही. आग नाही तर धातू नाही, धातू नाही तर रेडिओ नाही. म्हणून नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेनांना उद्या कोणाचा संदेश मिळालाच, तर तो पाठवणारा बहुधा कोरड्या जमिनीवर राहणारा आणि वस्तू पकडता येईल असा अवयव असलेला असेल. तो अवयव हातच असेल असे नाही. हत्तीची सोंडही पकडतेच की!

आजपर्यंत पृथ्वीबाहेर जीव सापडल्याचा पक्का पुरावा नाही. शोध मात्र आपल्या शेजारूनही झाला. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने 2001 आणि 2005 साली हैदराबादहून फुगे सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली गेली. 2005 च्या नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. ते जीवाणू वरून आले की पृथ्वीवरूनच उंच गेले, हे सिद्ध झाले नाही, आणि शास्त्रज्ञांनीही तसा दावा केला नाही. प्रामाणिकपणा तो हाच.

आता घराघरांत अडणारा प्रश्न: असा विचार केल्याने ईमानला धक्का लागतो का? सूरह शूराच्या 29 व्या आयतीत आकाशांत आणि पृथ्वीत पसरवलेल्या सजीवांचा उल्लेख आहे. काही मुफस्सिरांनी त्यात फरिश्तेही धरले. आपल्या औरंगाबादेत जन्मलेले मौलाना मौदूदी यांनी तफहीमुल कुरआनमध्ये मात्र हा इतर ग्रहांवरही जीवन असण्याकडे इशारा असल्याचे लिहिले. सूरह नूरच्या 45 व्या आयतीत पोटावर, दोन पायांवर आणि चार पायांवर चालणाऱ्या जीवांचा उल्लेख करून अल्लाह हवे ते निर्माण करतो, असे सांगितले आहे. उत्क्रांतीबद्दल, विशेषतः माणसाच्या निर्मितीबद्दल, आपल्या उलमांमध्ये मतभेद आहेत आणि ते एका लेखात मिटणारे नाहीत. पण सृष्टीकडे पाहा, विचार करा, ही ताकीद तर सर्वांनाच आहे.

नांदेड-लातूरच्या शिकवणी वर्गांत आपली मुले ‘नीट’साठी उत्क्रांतीची उत्तरे पाठ करतात. गुणही मिळवतात. आमची काळजी गुणांची नाही, बंद पडणाऱ्या तोंडांची आहे. घरी विचारले तर “तौबा कर,” शाळेत विचारले तर “खाली बस.” ही चूक आम्ही केली, म्हणून हक्काने सांगतो. मुलाने विचारले तर अम्मी-अब्बूंनी एवढे तरी म्हणावे, “मालूम नहीं बेटा, चल मिलके देखते.”

त्या मुलीला आज आम्ही सांगू: कदाचित आपल्यासारखी, कदाचित मुळीच नाही. पण सवाल अच्छा था, बेटी. वल्लाहु आलम.