विहिरीचे पाणी आणि अतिनील किरण

पाणी निवळ दिसले म्हणजे ते निर्मळच असते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात वाड्यावस्त्यांवर पिण्याचे पाणी अजूनही पुष्कळ घरी स्वतःच्या आडातून, विहिरीतून किंवा बोअरमधून येते. त्याच्या शुद्धतेची काळजी घरधन्यालाच वाहावी लागते. आपली भूमी काळ्या पाषाणाची. त्याच्या भेगांतून जसे पाणी झिरपते, तशी पहिल्या पावसाबरोबर शोषखड्ड्यातली व उकिरड्यावरची घाणही विहिरीपर्यंत पोहोचू शकते. अतिनील किरणांनी असे पाणी निर्धोक होईल काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

सूर्यप्रकाशाने जंतूंची वाढ थांबते, हे डाऊन्स व ब्लंट या इंग्रज संशोधकांनी 1877 साली दाखविले. घरगुती यंत्रात सूर्याऐवजी पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. त्याचे मुख्यतः 254 नॅनोमीटर लांबीचे, डोळ्यांना न दिसणारे किरण जंतूच्या डीएनएची घडण बिघडवितात. मग जंतूची प्रजा वाढत नाही, आणि जो वाढत नाही तो रोगही करीत नाही. पाण्याची चव बदलत नाही; काम काही क्षणांत होते.

मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ यांचे कार्य येथे सांगितले पाहिजे. 1992–93 मध्ये कॉलऱ्याच्या नव्या जंतूने भारत-बांगलादेशात थैमान घातले. तेव्हा कॅलिफोर्नियातील बर्कले प्रयोगशाळेत त्यांनी खेड्यांसाठी यंत्र तयार केले. सुमारे 60 वॉट विजेवर ते मिनिटाला 15 लिटर पाणी निर्जंतुक करी. दिवा पाण्यात न बुडविता वर टांगलेला असल्याने त्यावर क्षारांचे किटण चढत नसे.

किटणाची ही गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. घरगुती यंत्रात दिव्याभोवती क्वार्ट्झची नळी असते. जड पाण्याने तिच्यावर पांढरा थर बसतो आणि किरण अडतात. पाणी गढूळ असले, तर मातीच्या कणाआड जंतू सुखरूप राहतात. म्हणून आधी गाळण हवे. दिवा साधारण 9,000 तासांनी बदलावा. तो निळा उजेड देत राहिला, तरी त्याची मारकशक्ती घटलेली असते. पेटत्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये.

किरण पाण्यात मागे काहीच ठेवीत नाहीत. क्लोरिनचा अंश पाण्यात उरून पुढेही राखण करतो. येथे तसे नाही. शुद्ध पाणी अस्वच्छ माठात भरले किंवा त्यात हात बुडवून पेला भरला, तर सारे श्रम वाया गेले. शिवाय क्षार, नायट्रेट, फ्लोराइड यांवर किरणांचा इलाज चालत नाही. प्रवराकाठच्या उसाच्या पट्ट्यात विहिरींत क्षार व नायट्रेट वाढल्याचे आढळले आहे. अधिक नायट्रेटचे पाणी तान्ह्या बाळाला घातक ठरते, आणि ते उकळूनही सुधारत नाही.

तेव्हा क्रम असा असावा: विहिरीला कठडा व झाकण घालावे, शोषखड्डा निदान 15 मीटर दूर ठेवावा, पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, मग गाळण आणि सर्वांत शेवटी किरण. वीज गेली, तर पाणी मिनिटभर खळखळून उकळावे. यंत्र विकत मिळते. विहिरीची राखण मात्र आपली आपणच करावी लागते.