विश्लेषण : राजाने भरवलेल्या चित्रप्रदर्शनात राजाचीच पंचाईत का झाली? काय आहे पॅरिसच्या ‘सालाँ’चा इतिहास?

मराठीत ‘सलून’ म्हटले की केस कापण्याचे दुकान डोळ्यांसमोर येते. हा शब्द ज्या फ्रेंच शब्दावरून इंग्रजीमार्गे आपल्याकडे आला, त्या ‘सालाँ’चा अर्थ दिवाणखाना असा आहे. पॅरिसच्या लुव्र राजवाड्यातील एका दालनात भरणाऱ्या सरकारी चित्रप्रदर्शनालाही हेच नाव पडले. फ्रान्समधील चित्रकाराचे नाव, मागणी आणि कमाई दीर्घकाळ या एका प्रदर्शनावर अवलंबून होती. राजाचे वैभव दाखवण्यासाठी सुरू झालेला हा उपक्रम पुढे राजसत्तेलाच अडचणीचा ठरला. तो कसा?

प्रदर्शनाची सुरुवात कशी झाली?

१६४८ मध्ये पॅरिसमध्ये चित्रकला आणि शिल्पकलेची राजेशाही अकादमी स्थापन झाली. चौदावा लुई तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा होता. त्याचा मंत्री कोल्बेर याने पुढे या अकादमीला बळ दिले. कलेतून राजाची कीर्ती पसरावी, हा हेतू स्पष्ट होता. अकादमीच्या सदस्यांचे पहिले प्रदर्शन १६६७ मध्ये भरले. १६७३ मध्ये त्याची पहिली छापील यादी निघाली. १७२५ मध्ये प्रदर्शन लुव्रमधील ‘सालाँ कारे’ म्हणजे चौकोनी दालनात भरले आणि तेच नाव कायम झाले. १७३७ पासून प्रदर्शन नियमित होऊ लागले आणि १७५१ नंतर ते दर दोन वर्षांनी भरू लागले. उद्घाटनाचा ठरलेला दिवस होता २५ ऑगस्ट, म्हणजे संत लुईचा सण. राजाचे नाव या संतावरूनच असल्याने तो राजाचाही दिवस मानला जाई.

चित्रे कोण निवडत असे?

या काळात अकादमीच्या सदस्यांनाच, किंवा सदस्यत्वाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनाच चित्रे मांडता येत. १७४८ पासून परीक्षक मंडळ नेमले गेले. विषयांचीही उतरंड ठरलेली होती. इतिहास, पुराणकथा आणि धर्मकथांवरील चित्रे सर्वांत वर, मग व्यक्तिचित्रे, त्याखाली रोजच्या जगण्यातील प्रसंग, निसर्गदृश्ये आणि तळाला फळे-भांड्यांची स्थिरचित्रे. महिला सदस्यांची मर्यादा १७७० मध्ये फक्त चारवर आणण्यात आली.

राजाश्रयाचे याहून वेगळे रूप लंडनमध्ये दिसते. तिथे तिसऱ्या जॉर्जच्या आश्रयाने १७६८ मध्ये रॉयल अकादमी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे प्रदर्शन भरले. पण तिथे आत जायला एक शिलिंग मोजावा लागे. पॅरिसमध्ये प्रवेश मोफत होता आणि हाच फरक महत्त्वाचा ठरला.

मोफत प्रवेशाने काय बदलले?

सरदार, व्यापारी, कारागीर, नोकरचाकर असे सगळे एकाच दालनात येऊ लागले. तोवर चित्रावर बोलण्याचा अधिकार ज्याने ते बनवून घेतले त्याचा किंवा अकादमीचा. आता बघणारा प्रत्येक जण मत देऊ लागला. पत्रके निघू लागली, त्यातली अनेक निनावी असत. विचारवंत दिदरो याने १७५९ पासून या प्रदर्शनांवर सविस्तर लिहिले. हे लेखन छापले जात नसे. हस्तलिखित प्रतींच्या रूपाने ते युरोपातील निवडक वर्गणीदारांना जाई. त्यामुळे ते सेन्सॉरच्या हाती लागत नसे. आधुनिक कलासमीक्षेची पायाभरणी अशा लेखनातून झाली.

राजघराण्याला याचा फटका कसा बसला?

चित्रकार एलिझाबेथ व्हिजे ल ब्रं हिने १७८३ च्या प्रदर्शनात राणी मारी आंत्वानेतचे चित्र मांडले. राणी साध्या पांढऱ्या मलमलीच्या पोशाखात होती. राणीला हे शोभत नाही, अशी ओरड झाली आणि चित्र काढून घ्यावे लागले. १७८७ मध्ये राणीची प्रतिमा सावरण्यासाठी तिला मुलांसह दाखवणारे मोठे चित्र तयार झाले. तोवर राज्याची तिजोरी रिकामी झाली होती आणि लोक राणीला ‘मादाम डेफिसिट’, म्हणजे ‘तुटीच्या बाईसाहेब’ म्हणू लागले होते. लोकक्षोभाच्या भीतीने उद्घाटनाला चित्र लावलेच नाही. भिंतीवर फक्त रिकामी चौकट राहिली आणि ‘ही बघा तूट’ असा विनोद पॅरिसभर पसरला. दोनच वर्षांत क्रांती झाली. १७९१ मध्ये प्रदर्शन सर्व कलावंतांसाठी खुले झाले आणि १७९३ मध्ये अकादमीच बरखास्त झाली.

राजेशाही परतल्यावर काय झाले?

नेपोलियनच्या पाडावानंतर राजे पुन्हा गादीवर आले, पण पेच सुटला नाही. १८१६ मध्ये ‘मेदुझा’ हे जहाज बुडाले. त्याच्या कप्तानाची नेमणूक कौशल्य पाहून नव्हे, तर राजनिष्ठा पाहून झाल्याचा आरोप होता. जेरिको या तरुण चित्रकाराने त्यातून वाचलेल्यांचे विशाल चित्र १८१९ मध्ये मांडले. यादीत त्याचे नाव नुसते ‘जहाजफुटीचे दृश्य’ असे होते, तरी रोख कोणाकडे आहे हे सर्वांना कळले. १८३१ मध्ये देलाक्रुआचे क्रांतीवरील गाजलेले चित्र लुई फिलिपच्या सरकारने विकत घेतले. मात्र ते लोकांना भडकवील या धास्तीने थोड्याच काळात नजरेआड केले.

नाकारलेल्यांचे प्रदर्शन का भरले?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चित्रकारांची संख्या खूप वाढली होती, दार मात्र तेच होते. निवड झाली नाही की गिऱ्हाईक फिरकत नसे. १८६३ मध्ये सुमारे ५,००० कलाकृती आल्या आणि परीक्षकांनी निम्म्याहून अधिक नाकारल्या. तक्रारी सम्राट तिसऱ्या नेपोलियनपर्यंत पोहोचल्या. त्याने निकाल फिरवला नाही, परीक्षकांनाही हटवले नाही. नाकारलेली चित्रे त्याच इमारतीच्या दुसऱ्या भागात लावा, योग्य-अयोग्य लोकच ठरवतील, असा आदेश त्याने दिला.

लोकांनी गर्दी केली, पण बरेच जण हसायला आले होते. एदुआर मानेच्या चित्रात आधुनिक पोशाखातील दोन पुरुषांसोबत गवतावर बसलेली विवस्त्र स्त्री होती. तिच्यावर अश्लीलतेचा ठपका बसला. त्याच वर्षी मुख्य प्रदर्शनातील काबानेलचे विवस्त्र ‘व्हीनसचा जन्म’ मात्र सम्राटाने स्वतः विकत घेतले. देवी असली तर चालते, शेजारची बाई चालत नाही, हा दुटप्पीपणा उघड झाला.

नकार किती जिव्हारी लागत असे, हे १८६६ मध्ये दिसले. चित्र नाकारले गेल्यावर ज्यूल होल्त्साफेल या चित्रकाराने आत्महत्या केली. त्याच वर्षी पॉल सेझानने कलाखात्याच्या प्रमुखाला पत्र लिहून नाकारलेल्यांचे प्रदर्शन पुन्हा भरवण्याची मागणी केली. असे प्रदर्शन कलेच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, या कारणावरून ती फेटाळण्यात आली.

सरकारी मक्तेदारी कधी संपली?

१८७० मध्ये साम्राज्य कोसळले. १८७४ मध्ये मोने, रन्वार, दगा, मोरिसो, सेझान आदी सुमारे ३० कलावंतांनी परीक्षकांविना स्वतःचे प्रदर्शन भरवले. हेच पुढे दृक्प्रत्ययवादी म्हणजे इम्प्रेशनिस्ट म्हणून ओळखले गेले. माने त्यात सामील झाला नाही. अधिकृत प्रदर्शनातच मान्यता मिळावी, असे त्याला शेवटपर्यंत वाटत होते. १८८१ मध्ये प्रजासत्ताक सरकारने प्रदर्शनाचा कारभार कलावंतांच्या संस्थेकडे सोपवला.

सालाँने कलावंतांना नाकारले, हे खरे. पण लाखोंना चित्र बघायची आणि त्यावर मत द्यायची सवयही त्यानेच लावली. आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात सम्राटाने विकत घेतलेली व्हीनस आणि मानेची नाकारलेली स्त्री, दोन्ही चित्रे आहेत. परीक्षकांचा निकाल अंतिम नव्हता, हे त्या एका इमारतीतच पाहता येते.