चामड्यावरचा कागद

मुंबईतील शीव कोळीवाड्याकडून पश्चिमेस निघाले आणि मध्य रेल्वेचे रूळ ओलांडले, की धारावीची दाट वस्ती लागते. पूर्वी येथे खाडीच्या काठी कोळ्यांची घरे होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तमिळ प्रदेशातून कातडी कमावणारे कुशल लोक येथे येऊन राहिले आणि धारावीचे नाव चामड्याच्या धंद्याशी जोडले गेले. कातडी कमावण्याचे बहुतेक कारखाने पुढे बंद पडले किंवा दुसरीकडे गेले. परंतु बाहेरून आलेल्या चामड्याच्या पिशव्या, पाकिटे व कमरपट्टे तयार करणारे कारागीर तेथील गल्ल्यांतून आजही काम करीत असतात.

अशा कारागिराजवळ क्षणभर उभे राहावे. तो चामडे पाटावर पसरतो. त्यावर कागदाचा नमुना ठेवतो, उचलतो, फिरवतो आणि पुन्हा ठेवतो. त्याची धारदार रापी शेजारीच पडलेली असते. परंतु तो तिला हात लावीत नाही. पाहणाऱ्यास वाटते, की याचे काम अजून सुरू झालेले नाही. खरे पाहता त्याच्या कामातील सर्वांत जबाबदारीचा भाग याच वेळी चाललेला असतो.

कापड गिरणीत विणले जाते, म्हणून त्याचा प्रत्येक वार सारखा असतो. चामडे मात्र एका प्राण्याच्या अंगावर वाढलेले असते. पाठीवरचा भाग घट्ट व टिकाऊ असतो, तर पोटाकडचा सैल व ताणला जाणारा. कोठे काट्याचा ओरखडा असतो, कोठे गोचिडीच्या चाव्याची खूण असते. पिशवीचा पट्टा पोटाच्या भागातून कापला, तर तो थोड्याच दिवसांत लांबेल. जोड्याचे दोन भाग कापताना कागद एकदा सुलटा व एकदा उलटा ठेवावा लागतो. तेवढे विसरले, की दोन्ही भाग डाव्याच पायाचे होतात! म्हणून कोणता तुकडा कोठून घ्यावयाचा, हे कारागीर आधी ठरवितो. चुकीचा कागद फाडून टाकता येतो. चुकीचे कापलेले चामडे जोडता येत नाही. त्या एका चुकीत महागडे चामडे जाते आणि दिवसाची मजुरीही जाते.

जागा ठरल्यावर दुसरी अडचण उभी राहते. कापताना कागद हलता कामा नये. तो सूतभर जरी सरकला, तरी शिवताना एका तुकड्याची भोके दुसऱ्याच्या भोकांशी जुळत नाहीत. मोठ्या व साध्या तुकड्यांसाठी जाड पुठ्ठ्याचा नमुना हाताने दाबून धरतात व त्याभोवती रेघ ओढतात. परंतु लहान, वळणदार अथवा पुष्कळ भोकांचा तुकडा असला, तर कागद चामड्यावर चिकटवून त्यावरूनच कापणे सोयीचे पडते.

मग शिंप्याप्रमाणे टाचण्या का लावू नयेत? कापडात टाचणी शिरते तेव्हा धागे बाजूला सरतात आणि ती काढल्यावर पुन्हा जवळ येतात. चामडे हे बारीक तंतूंचे घट्ट जाळे आहे. त्यात पडलेले भोक बुजत नाही. शिवाय बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या चामड्यास ओलसर लोखंड लागले, तर तेथे काळा डाग पडतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत. हिराकशीत लोखंडाचा अंश असतो व हिरड्यात तुरट द्रव्य असते. त्यांच्या संयोगाने काळा रंग तयार होतो. शाईला उपयोगी पडणारा हा गुण चामड्याच्या कामात मात्र घातक ठरतो.

पिठाची खळ वापरावी, तर तिच्यातील पाणी चामड्यात मुरते, डाग राहतो आणि कागदही फुगून आपले माप सोडतो. अतिशय पक्का चिकटणारा पदार्थ लावावा, तर कागद काढताना चामड्याचा गुळगुळीत पापुद्राच उखडून येतो. म्हणजे येथे असा चिकटपणा हवा, की जो काम होईपर्यंत धरून ठेवील आणि काम संपताच खूण न ठेवता सोडून देईल.

यावर एक उपाय प्रत्येक मुलाने पाहिलेला आहे. सायकलचे पंक्चर काढणारा मनुष्य रबराचे सोल्युशन ट्यूबला लावतो आणि ठिगळालाही लावतो. ते किंचित वाळू देऊन तो दोन्ही एकमेकांवर दाबतो. रबराचे दोन थर एक होतात व ठिगळ सहसा निघत नाही. अशाच रबरी द्रावणाचा पातळ हात केवळ कागदाला दिला आणि चामडे कोरडेच ठेवले, तर कागद चिकटतो, पण हलकाच. कापून झाल्यावर त्याचा कोपरा उचलून तो सावकाश, मागे दुमडीत ओढला, की सुटून येतो. मागे रबराचे कण राहिले, तर ते बोटाने चोळून काढता येतात. तरीही शहाणा कारागीर आधी टाकाऊ तुकड्यावर प्रयोग करून पाहतो. कारण सर्व चामडी सारखी नसतात. या द्रावणाची वाफ पेट घेणारी व श्वासाला अपायकारक असते, म्हणून ते मोकळ्या हवेत व विस्तवापासून दूर वापरावे लागते.

हलक्या चिकटपणाचे महत्त्व जगाला उशिरा कळले. 1968 साली अमेरिकेतील थ्री-एम या कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर हे शास्त्रज्ञ मजबूत चिकटद्रव्य शोधीत होते. त्यांना मिळाला तो मात्र सहज सुटणारा पदार्थ. त्याचे सूक्ष्म गोलक पृष्ठभागाला थोड्याच ठिकाणी स्पर्श करीत. त्याचा उपयोग काय, हे कित्येक वर्षे कोणास कळेना. 1974 साली त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना प्रार्थनेच्या पुस्तकातून घसरणाऱ्या खुणेच्या कागदांसाठी तो आठवला. 1980 पासून चिकटून सहज निघणाऱ्या त्या चिठ्ठ्या अमेरिकेत सर्वत्र विकल्या जाऊ लागल्या आणि पुढे जगभर पसरल्या.

धारावीत कापलेले तुकडे शिवले जातात, कडा घासल्या जातात आणि पिशवी दुकानात जाते. विकत घेणाऱ्यास तिचे चामडे दिसते, शिवण दिसते. तिच्या काही तुकड्यांवर थोडा वेळ कागद चिकटला होता, हे त्यास दिसत नाही. कागदाची ही खूण कोठेही उरत नाही, हाच कारागिराच्या कौशल्याचा पुरावा होय.