कंपनी म्हणते 'डेटा गेल्याचा पुरावा नाही', पण पुरावा ठेवणारी सेटिंग चालू होती का?

एखाद्या ॲपचा डेटा फुटल्याची बातमी येते. दोन दिवसांनी कंपनीचा मेल येतो, "तुमच्या माहितीचा गैरवापर झाल्याचा कोणताही पुरावा आम्हाला आढळलेला नाही." आपण हुश्श करतो आणि पुढची रील बघायला लागतो.

पण या वाक्याचे दोन अर्थ निघतात. एक म्हणजे, शोधाशोध केली आणि चोरी झाली नसल्याचं दिसलं. दुसरा म्हणजे, शोधायला काही नव्हतंच. यातला कुठला अर्थ खरा, हे बऱ्याचदा एका साध्या सेटिंगवर ठरतं. तिचं नाव कनेक्शन लॉगिंग.

तुमचं नाव, मोबाईल नंबर, पत्ता, जुन्या ऑर्डर्स हे सगळं कंपनीच्या डेटाबेस सर्व्हरवर असतं. तिथून काही वाचायचं तर आधी सर्व्हरशी कनेक्शन जोडावं लागतं, त्यासाठी साधारणपणे युजरनेम आणि पासवर्ड लागतो. कनेक्शन लॉग म्हणजे सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे असते ती वही. कोण आलं, कुठल्या आयपी ॲड्रेसवरून आलं, किती वाजता आलं, कधी गेलं.

आता खरी गोम. ही वही अनेकदा बंद असते आणि ती कुणी मुद्दाम बंद केलेली नसते.

पोस्टग्रेस्क्यूएल हा जगभर वापरला जाणारा फुकट डेटाबेस. तो नव्याने बसवला की चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याची नोंद होते, पण बरोबर पासवर्ड टाकून आत गेलेल्याची होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्येही सुरुवातीला फक्त फसलेल्या लॉगिनची नोंद असते. मायएसक्यूएलचा जनरल लॉग तर मुळातच बंद असतो. तो चालू केला की आत येणाऱ्यांबरोबर प्रत्येक क्वेरीही लिहिली जाते, फाईल भराभर फुगते, म्हणून लोक त्याच्या वाटेला जात नाहीत.

म्हणजे कुलूप खटखटवून परत गेलेल्याचं नाव वहीत आणि डुप्लिकेट किल्लीने आत शिरलेल्याचं नाव गायब. चोराच्या हाती खरा पासवर्ड लागला असेल, तर तो या वहीत कधीच सापडणार नाही.

मॅरियटचं काय झालं होतं?

स्टारवूड या हॉटेल कंपनीच्या सिस्टीममध्ये जुलै २०१४ मध्ये हॅकर शिरले. २०१६ मध्ये मॅरियटने स्टारवूड विकत घेतली, तेव्हाही ते आतच होते. ते उघड झालं सप्टेंबर २०१८ मध्ये आणि तेही एका किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीमुळे. डेटाबेसवर नजर ठेवणाऱ्या टूलने इशारा दिला की ॲडमिनच्या खात्यावरून कुणीतरी एका टेबलमध्ये किती ओळी आहेत हे मोजलंय. चौकशी केली तर ज्याचं खातं होतं, त्या ॲडमिनने ती क्वेरी चालवलीच नव्हती.

चार वर्षं! ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने जगभरातल्या ३३.९ कोटी पाहुण्यांच्या नोंदींना याची झळ बसल्याचं सांगितलं. एनक्रिप्ट न केलेले सुमारे ५२.५ लाख पासपोर्ट नंबर त्यात होते. ऑक्टोबर २०२० मध्ये १.८४ कोटी पौंडांचा दंड झाला. मोठे अधिकार असलेल्या खात्यांवर आणि डेटाबेसवर पुरेशी नजर ठेवली नाही, हा ठपक्यातला मोठा भाग होता.

मग ही सेटिंग चालू करायला काय लागतं?

पोस्टग्रेस्क्यूएलचं उदाहरण घेऊ. त्याच्या कॉन्फिग फाईलमध्ये 'लॉग_कनेक्शन्स' आणि 'लॉग_डिसकनेक्शन्स' या दोन ओळी चालू करायच्या. पहिली आलेल्याची नोंद करते, दुसरी गेलेल्याची. दुसरी अनेक जण सोडून देतात, पण माणूस आत किती वेळ होता हे तीच सांगते. तिसरी ओळ 'लॉग_लाइन_प्रीफिक्स'. यात वेळ, युजर, डेटाबेस आणि आयपी टाकून ठेवलं की सगळं एकाच ओळीत दिसतं, नाहीतर दोन-तीन ओळी जुळवत बसावं लागतं. मग कॉन्फिग रीलोड करायचं. सर्व्हर बंद करावा लागत नाही. फक्त आधीपासून जोडलेली कनेक्शन्स यात येत नाहीत, नवीन येतील तीच नोंदवली जातात.

एवढं सोपं आहे तर सगळे करत का नाहीत? एक कारण गर्दीचं. प्रत्येक क्लिकला नवीन कनेक्शन उघडणारी वेबसाइट दिवसाला लाखो ओळी लिहू शकते. म्हणून मोठ्या साइट मध्ये एक पूलर ठेवतात, तो मोजकी कनेक्शन्स उघडून तीच सगळ्यांना वाटतो. पण मग डेटाबेसला दिसतो फक्त पूलरचा पत्ता, मागचा माणूस दिसत नाही. तिथे पूलरचा लॉगही जपावा लागतो.

याचा एक फायदाही आहे. ॲपचा सर्व्हर रोज ठरलेल्या पत्त्यावरून, ठरलेल्या युजरने येतो. त्यामुळे रात्री तीन वाजता अनोळखी आयपीवरून ॲडमिन आला, तर ती ओळ लगेच डोळ्यात भरते. अर्थात कुणीतरी वही उघडून बघत असेल तर.

आणखी दोन पथ्यं आहेत. लॉग त्याच मशीनवर ठेवला तर आत शिरलेला माणूस जाताना तो पुसून जाऊ शकतो, त्यामुळे प्रत दुसरीकडे पाठवायची. आणि लॉग कुणालाही उघडा ठेवायचा नाही. घाईत युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करणारे लोक असतात आणि तो पासवर्ड जसाच्या तसा लॉगमध्ये छापला जातो.

लॉगने सगळंच कळतं असंही नाही. आत आलेल्याने नेमकं काय वाचलं, हे कनेक्शन लॉग सांगत नाही. त्यासाठी पीजीऑडिटसारखं वेगळं एक्स्टेंशन लागतं.

भारतात नियम काय?

सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपायचे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. सर्व्हरची घड्याळंही जुळलेली हवीत, नाहीतर दोन मशीनचे लॉग ताडून बघताना आधी कोण आलं हेच कळत नाही. पण मॅरियटसारखा चोर चार वर्षं आत असेल, तर १८० दिवसांच्या वहीत त्याच्या येण्याची ओळ नसणारच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांत ही मुदत एक वर्ष केली आहे. कंपन्यांना तयारीला दीड वर्ष मिळालंय. सुरक्षेत कुचराई केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. डेटा फुटला तर ज्यांचा गेला त्या प्रत्येकाला काय झालं, कधी झालं, किती झालं हे कंपनीने कळवायचं आहे. तसा मेल आला तर उलट उत्तर पाठवून विचारा, की त्या काळातले डेटाबेसचे लॉग तुमच्याकडे आहेत का आणि किती दिवसांचे आहेत.