दोन डबे, एक ओटा

किडनीच्या पेशंटच्या डब्यात बटाटा तसाच घालता येत नाही. साल काढून पातळ फोडी करायच्या, कोमट पाण्यात भिजत टाकायच्या, ते पाणी ओतून भरपूर ताज्या पाण्यात उकळायच्या आणि तेही पाणी फेकायचं. पोटॅशियम पाण्यात उतरतं, म्हणून एवढा खटाटोप. भाजीचं पाणी आमटीत वळवायचं, हे लहानपणापासून हाताला लागलेलं; तोच हात रोज मोरीकडे वळवावा लागे. आहारतज्ज्ञ बाईंनी आणखी एक बजावलं होतं: बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ आणू नका, त्यात सोडियमऐवजी पोटॅशियमच घातलेलं असतं. भेटायला येणारे प्रेमानं शहाळं आणत, तेही याच कारणानं बाजूला ठेवावं लागे.

हा डबा सासऱ्यांचा. त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर सासूबाई, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. त्यांचं पथ्य नेमकं उलट. हाड भरून यायला आणि अंगात ताकद यायला प्रथिनं हवीत, म्हणून मुगाची धिरडी, पनीर, घट्ट दही. पडून राहून आणि दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, म्हणून पालेभाजी, पपई. शिवाय मुलांचे शाळेचे डबे होतेच. शेवटी असं बसवलं: दुधीसारखी सगळ्यांना चालणारी भाजी एकदाच फोडणीला टाकायची, मीठ घालण्याआधी सासऱ्यांचा वाटा काढायचा आणि मग उरलेल्या भाजीत मीठ, तिखट, दाण्याचं कूट. थर्मासच्या डब्यात आधी उकळतं पाणी भरून ठेवायचं, पोळ्या होईपर्यंत डबा आतून तापतो. पाणी ओतून, पुसून लगेच गरम भात भरायचा. शिजलेलं अन्न नुसतं कोमट होऊन तासन् तास राहिलं की त्यात जंतू वाढतात, आणि आजारी माणसाला ते सोसत नाही.

बाकी घरकाम मी कमी केलं आणि तसं घरात सांगून टाकलं. इस्त्री बंद, जाळीजळमटं नंतर, मुलांच्या चादरी मळल्या तरी चालतील. दवाखान्यातून आलेले कपडे मात्र वेगळे, गरम पाण्यात, त्याच दिवशी. घर नीट दिसण्यापेक्षा रात्री झोप मिळणं महत्त्वाचं, कारण सकाळी डॉक्टरांच्या राउंडला कोणीतरी शुद्धीत उभं असावं लागतं.

या सगळ्यात खरी ओढाताण झाली ती सासूबाईंच्या डोक्यात असलेल्या घराची. सिलिंडर कधी लावला, दूधवाल्याचे खाडे किती, विरजण कुठल्या वाटीत राखून ठेवलंय, कामवाल्या मावशींना उचल किती दिली, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. हे सगळं ध्यानात ठेवण्याचे कष्ट मिनिटांत कसे मोजायचे, मला कळत नाही. नवरा उशाशी वही घेऊन बसला आणि आईला एकेक विचारत सगळं उतरवून घेतलं. त्या दुखण्यातही त्यांना ते आवडलं. हे काम प्रत्येक घरात कोणी आजारी पडण्याआधीच व्हायला हवं, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणणारे मनापासूनच म्हणतात. त्यांना नेमकं काम सांगावं. समोरच्या काकूंना मी म्हटलं, “उद्या तेवढ्या दहा पोळ्या लाटून द्याल का?” त्यांनी पुढे रोजच दिल्या.

सासूबाई आधी घरी यायच्या होत्या. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची अंतिम मंजुरी डिस्चार्जच्या विनंतीनंतर ३ तासांत द्यायची असते. तेवढ्या वेळात नवऱ्यानं घरातली पायपुसणी आणि सतरंज्या उचलल्या, पलंग संडासाजवळच्या खोलीत हलवला, कमोडवर उंच सीट बसवली. सासऱ्यांना अजून काही दिवस तिथेच काढायचे होते. त्यांच्या पथ्याचा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला होता. त्या दिवसापासून मिठाआधी भाजी काढून ठेवायचं काम थोरल्या मुलानं अंगावर घेतलं.