झाडू कोणाच्या हाती, पाणी कोणाच्या घरचे?

२ ऑक्टोबर उजाडला की गावोगावच्या शाळांना समाजसेवेची आठवण येते. कुठे प्रभातफेरी निघते, कुठे नाल्या उपसल्या जातात, कुठे म्हाताऱ्या माणसांना फळे वाटली जातात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. विद्यार्थ्यांनी आपल्या गावासाठी चार चांगली कामे करावीत, याला विरोध असण्याचे कारणच नाही. शेजाऱ्याच्या दुःखाने ज्याचे मन हलत नाही, तो शिकला काय आणि न शिकला काय! परंतु चळवळीतल्या माणसाने असा फोटो पाहिला की दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. झाडू कोणाच्या हाती होता? आणि काम आटोपल्यावर मुलांनी पाणी कोणाच्या घरचे घेतले?

हे प्रश्न मला कायद्याच्या पुस्तकात सापडले नाहीत, शाळेच्या आवारात सापडले. श्रमदानाच्या दिवशी आमचे गुरुजी कामे वाटून देत. गावातल्या बड्या घरच्या मुलांकडे हार, तोरणे आणि फळ्यावरचा सुविचार. आमच्या वस्तीतल्या मुलांकडे झाडू, घमेले आणि मुतारी. गुरुजी वाईट नव्हते. आमच्याकडे वह्या नसल्या तर पदरमोड करून आणून देत. पण एकदा ते सहज बोलून गेले, "या पोरांना सवय आहे." ते सहज बोलणेच आजवर सलते आहे. वही देणारा हात आणि झाडू देणारा हात एकच होता. दया आणि जात एकाच माणसाच्या मनात किती सुखाने नांदतात, हे मला त्या दिवशी कळले.

आमचा तिवसा तालुका सेवेच्या बाबतीत मागासलेला नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारला तो याच तालुक्यातल्या मोझरीत. ग्रामसफाई आणि श्रमदान हे शब्द इथल्या पोरासोरांना शिकवावे लागत नाहीत. आणि संत गाडगेबाबा तर आमच्याच अमरावती जिल्ह्यातले. बाबा गावात शिरले की आधी हाती खराटा घेत, रस्ता झाडत आणि रात्री कीर्तनातून लोकांची डोकी झाडत. जो खराटा हजारो वर्षे काही जातींच्या माथी मारला गेला, तो त्यांनी स्वतःच्या हाती घेतला, दुसऱ्याच्या हाती दिला नाही. याच गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. शाळांनी बाबांचा खराटा उचलला. सन २००० मध्ये त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हापासून तर जोमाने उचलला. पण बाबांनी जातिभेदावर घातलेले घाव किती शाळांनी मुलांना सांगितले?

साताऱ्याच्या शाळेत लहानगा भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर बसत होता. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी. शिपाई नसला तर घसा कोरडा. त्या शाळेतही परोपकाराचे पाठ शिकवले जात असतील! त्याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीला बसत आणि आपली कामे आपण करीत. आमच्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढले, तेही याच विचाराने. या थोर माणसांनी मुलांना दया शिकवली नाही. त्यांनी पाळी लावली. आज झाडण्याची पाळी तुझी, उद्या माझी. पाळी आली की जात पळते, हे साधे सूत्र आहे.

कायदाही हेच सांगतो. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. सार्वजनिक कामासाठी शासनाला सक्तीची सेवा लावता येते. पण तशी लावताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्याच कारणावरून भेदभाव करता येणार नाही, असे तेच कलम बजावते. २००९ साली शिक्षण हक्क कायदा आला आणि २०१० साली केंद्राने त्याचे नियम केले. वर्गात, मध्यान्ह भोजनात, खेळाच्या मैदानावर, पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणी, तसेच वर्गखोल्या आणि संडासांच्या सफाईत दुर्बल व वंचित गटातील मुलांशी भेदभाव होऊ नये, असे त्या नियमांत शब्दशः लिहिले आहे. हे नियमात लिहावे लागले, यातच सारे आले. पालकांनो, शाळेच्या सभेत हा नियम मोठ्याने वाचून दाखवा. भांडण नको, पण सफाईच्या पाळीचा तक्ता भिंतीवर लागलाच पाहिजे. त्यात सरपंचाच्या मुलाचेही नाव हवे.

दुसरी गोष्ट आपल्याच घरासाठी. सेवा हा वरच्याने खालच्यावर केलेला उपकार आहे, असे समजून आपली मुले तिच्यापासून दूर राहिली तर नुकसान आपलेच. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सांगितले आहे की करुणा म्हणजे माणसांवरचे प्रेम, आणि तथागत तिच्याही पुढे जाऊन मैत्री शिकवतात, साऱ्या प्राणिमात्रांवरचे प्रेम. मैत्रीत देणारा आणि घेणारा अशा दोन पायऱ्या नसतात. आपली शिकलेली मुले अशी मैत्री करू शकतात. तिवश्याच्या तहसील कचेरीसमोर कधी उभे राहून बघा. निराधार योजनेच्या म्हाताऱ्या बाया कागदांची पिशवी छातीशी धरून बसलेल्या असतात. कोणाचा हयातीचा दाखला राहिला, कोणाचे बँक खाते बंद पडले, कोणाच्या आधार कार्डावरचे नाव जुळत नाही. नववी-दहावीच्या पोराला अर्ध्या तासात भरता येईल असा अर्ज पैसे देऊन भरून घ्यावा लागतो. हा अर्ज भरून देणे फळवाटपापेक्षा मोठे काम आहे. केळे संध्याकाळपर्यंत पुरते, हक्क महिन्याच्या महिन्याला चालू राहतो.

मागच्या हिवाळ्यात हेच काम करायला काही मुले आमच्या वस्तीत आली होती. मिश्र टोळके होते, सगळ्या जातींचे. पंचशील ध्वजाच्या ओट्यावर बसून त्यांनी दुपारभर अर्ज भरले. कोणी फोटो काढला नाही. उठता उठता एका म्हातारीने घरातून पितळी तांब्या आणला आणि म्हणाली, "पोट्टेहो, पानी तं प्या!"

क्षणभर सगळे थांबले. एक मुलगा दुसऱ्याकडे बघू लागला. म्हातारीही थांबली. तिला हे थांबणे ओळखीचे होते. जन्मभर तिने ते पाहिले होते. तेवढ्यात एका मुलीने हात पुढे करून तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्यायली आणि शेजारच्या मुलाला दिला. तोही प्यायला. मग तांब्या साऱ्या ओट्यावरून फिरला. म्हातारी पुन्हा भरून आणायला आत गेली.

त्या दुपारी भरलेल्या अर्जांपैकी किती मंजूर झाले, याचा हिशेब मी ठेवला आहे. पण समाजसेवेचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार माझ्याकडे असता, तर ते मी अर्जांच्या संख्येवर दिले नसते. त्या मुलीने हात पुढे केला, त्यावर दिले असते.

जय भीम!